समांतर जोडणीचं उपाध्ये सूत्र

३ जानेवारी, सकाळी ६.१०

नवीन वही. डिंकाचा असा वास की पहिल्याच पानावर मळमळलं. तरी लिहिणार. मोठी माणसं रोजनिशी लिहीत आली आहेत आणि त्यांच्या माघारी ती लोक छापतात. माझी छापू नये, हे इथंच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर वाद नको.

निश्चय: पाचला उठणं. स्टाफरूमचा चहा बंद. सूत्रावर पुस्तिका लिहून मार्चपर्यंत पूर्ण.

आज सहाला उठलो. थंडी होती. उद्यापासून मोजायचं.

३ जानेवारी, संध्याकाळी

स्टाफरूमच्या चहावर साय, सायीवर माशी. शिपायाला दाखवली. तो म्हणाला, सर, गार चहावर माशी बसत न्हाय, म्हंजी गरम हाय. अशा तर्कावर आमची शाळा चालते, आणि इथं मी बावीस वर्षं विज्ञान शिकवतोय. शिसारी आली. चहा घेतला. उद्यापासून बंद.

६ जानेवारी

महिनाअखेर तपासणी आहे. मुख्याध्यापकांनी भिंती पुन्हा रंगवायला काढल्या. बारा वर्षांपूर्वी बोलक्या भिंतींची टूम निघाली तेव्हा कंपाउंडवर पाढे, ऋतू, हृदयाचा छेद असं सगळं काढलं होतं. हृदय आता वांग्यासारखं दिसतं. नळाशेजारची भिंत माझी. तिच्यावर माझं सूत्र आहे, खाली ‘उपाध्ये सर’ असं नाव.

उमरग्याहून महांतप्पा पेंटर आला. त्याला सांगितलं, अक्षर दुप्पट मोठं कर. तो जुना रंग खरवडताना म्हणाला, सर, सूत्राच्या खाली कुणी तरी पेन्सिलीनं लई बारीक कायतरी लिहिलंय, चष्मा न्हाय आणला, वाचता का? म्हटलं, पोरांची घाण असणार, रंग मार वरून. कार्टी भिंतसुद्धा सोडत नाहीत. त्यानं मारला.

सूत्र असं: रोध समांतर जोडले तर एकूण रोध म्हणजे सगळ्यांचा गुणाकार भागिले सगळ्यांची बेरीज. बस्स. एका ओळीत मामला खलास.

पुस्तकातली रीत ही रीत नाही, शिक्षा आहे. प्रत्येक रोध उलटा करून एक छेद अमुक लिहा, त्या सगळ्यांची बेरीज करा, त्यासाठी लसावि काढा, आणि आलेलं उत्तर परत उलटं करा. एवढ्यात पोराचं नाक गळायला लागतं आणि तास संपतो. दोन रोध असले की सगळं जग गुणाकार भागिले बेरीज करतं. मी तेच तिनाला लावलं. चाराला, पाचालाही लागतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी पडताळून घेतलंय: तीन रोध, प्रत्येकी एक ओहम. पुस्तकाच्या रीतीनं एक तृतीयांश, माझ्या रीतीनं एक तृतीयांश. त्यानंतर पुन्हा पडताळायची गरज पडली नाही.

९ जानेवारी

गणिताच्या नव्या श्रावस्ती मॅडम मधल्या सुट्टीत माझ्या भिंतीसमोर उभ्या होत्या. मला वाटलं, उतरवून घेतायत. म्हणाल्या, सर, रागवणार नसाल तर एक विचारू? रागावणार नाही म्हणालो. इथंच चुकलं.

म्हणाल्या, दोन, तीन आणि सहा ओहम घ्या. पुस्तकाच्या रीतीनं बरोबर एक येतं. तुमच्या रीतीनं छत्तीस भागिले अकरा, सव्वातीन. आणि समांतरमध्ये उत्तर सगळ्यात लहान रोधापेक्षाही कमी यायला पाहिजे ना सर? वाट वाढवली की अडथळा कमीच होतो.

बी.एड.ला काय शिकवतात कोण जाणे. लोहाऱ्याच्या स्टँडवर तिसरी जीप लागली की गर्दी वाढतेच. कमी झालेली मी बावीस वर्षांत पाहिलेली नाही. आजसुद्धा मांडीवर एकाची कोंबडी घेऊन आलो.

वर म्हणाल्या, तिघांचा गुणाकार केला की एकक ओहम-वर्ग येतं, ओहम येत नाही. म्हटलं, मॅडम, एकक शेवटी लिहायचं असतं, ते मी ओहमच लिहितो.

मग त्या वर्गाकडे निघून गेल्या. पटलं असावं.

१४ जानेवारी

संक्रांत. शाळेतल्या तिळगुळानं दाढेतलं सिमेंट निघालं. श्रावस्ती मॅडमनी तिळगूळ हातावर ठेवला, गोड बोला म्हणाल्या, आणि त्याच श्वासात म्हणाल्या, सर, ते दोन-तीन-सहाचं बघितलं का? सण तरी सोडायचा.

त्यांना काळजी सोळा फेब्रुवारीची आहे. जिल्ह्याची विज्ञान प्रज्ञा परीक्षा. नववीतली आमची नऊ पोरं बसलीत, त्यांत माझी भैरवीसुद्धा. निवड झाली तर मे महिन्यात पुण्याला विज्ञान शिबिर. पोरगी दिवाळीपासून बॅग भरतेय. मॅडम म्हणाल्या, सर, पेपर बाहेरचा आहे, तिथं हे आलं तर पोरांचं नुकसान होईल.

माझ्या हाताखालून दरवर्षी दोन-तीन पोरं या परीक्षेत निवडली जातात. कशामुळं जातात? एका ओळीच्या सूत्रामुळं वेळ वाचतो, म्हणून. मॅडमना येऊन सहा महिने झाले नाहीत.

निश्चय: वर्गात सर्वांसमक्ष प्रयोग करून मीटरवर दाखवणं. मॅडमना आमंत्रण.

१८ जानेवारी

प्रयोग केला. दहा ओहमचे तीन रोध समांतर जोडले. माझ्या सूत्रानं हजार भागिले तीस, म्हणजे ३३.३. फळ्यावर मोठ्ठं लिहिलं. शाळेचा मीटर लावला. मीटर म्हणाला ३.३.

पोरं फळ्याकडे आणि मीटरकडे आळीपाळीनं बघायला लागली.

मी लगेच लक्षात आणून दिलं की आकडे तेच आहेत. तीन आणि तीन. टिंब एक घर सरकलंय. मीटरची बॅटरी उतरली की असं होतं. पोरांनी माना डोलावल्या. भैरवी नखं बघत होती. घरीही तिला हीच घाण सवय आहे. श्रावस्ती मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. हरल्यावर माणूस खिडकीबाहेरच बघतो.

२० जानेवारी

मीटरमध्ये नवी बॅटरी घातली. यावेळी शंभर ओहमचे तीन. सूत्रानं ३३३३. मीटरवर ३३.३. पुन्हा तेच आकडे! आकड्यांबद्दल आता वादच उरलेला नाही. फक्त टिंब दोन घरं सरकलं. म्हणजे नवी बॅटरी जुनीपेक्षा भिकार निघाली. या देशात बॅटरीतसुद्धा काही घालत नाहीत.

चहा: दोन कप. मनस्तापात मोजत नाही.

२४ जानेवारी

भैरवीच्या दप्तरात विज्ञानाच्या दोन वह्या सापडल्या. एक नेहमीची. दुसरी वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली, जाड, कडा कळकट. हात लावला तर इतकी दचकली की तिच्या हातातला डबा पडला. म्हणाली, बाबा, ती वर्गाची आहे, माझी एकटीची नाही.

समजलो. दुसऱ्या शाळांच्या पोरांना माझं सूत्र कळू नये म्हणून वर्गानं वेगळी गुप्त वही ठेवलीय. प्रमोदिनीला सांगितलं. ती म्हणाली, असंल. बायको भाकरी थापताना असंल म्हणाली की पुढं बोलण्यात अर्थ नसतो. एवढी वर्षं संसार करून ‘असंल’. वैताग आहे.

३० जानेवारी

तपासणी झाली. साहेबांनी नारळपाणी घेतलं, नारळ माझ्याच भिंतीच्या कडेला ठेवला. सूत्राकडे बघून म्हणाले, वा, काय अक्षर आहे! विचारलं, उपाध्ये कोण? मी पुढं झालो. म्हणाले, तुम्ही रंगवलं का? म्हणालो, सूत्र माझं आहे. म्हणाले, छान, छान, पेंटरचा नंबर द्या.

एकंदरीत सूत्राला सरकारी पातळीवर मान्यता मिळाली असं म्हणायला हरकत नाही.

३ फेब्रुवारी

रजा टाकून उमरग्याला गेलो. अमरनाथकडे. माझा जुना विद्यार्थी, पंधरा वर्षांपूर्वीची बॅच. हायवेला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. ट्रकांची धूळ, जळक्या वार्निशचा वास, पानाच्या पिचकाऱ्या. श्वास घ्यायची सोय नाही. पण पोरगं भलं. उठून पाया पडला. गादीवरचं ग्रीस पुसून मला बसवलं, ते सगळं माझ्या पँटला लागलं.

त्याच्याकडे चांगला मीटर आहे. मी रोध नेले होते: दोनशे वीस, तीनशे तीस, चारशे सत्तर. सूत्रानं तेहतीस हजार चारशे बावन्न. त्यानं जोडले, मीटर लावला. १०३.

यावेळी आकडेसुद्धा जुळले नाहीत.

अमरनाथ मीटरकडे बघत म्हणाला, सर, मीटरमधीच कायतरी असंल, लई दिवस झालं दुरुस्त केला न्हाय. मग पोराला हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला आणि उगाच एक वायर गुंडाळायला लागला.

निघताना मी समाधानी होतो. मीटरमध्ये दोष आहे, हे एका धंद्यातल्या माणसानं कबूल केलं होतं.

३ फेब्रुवारी, जीपमध्ये, दुपारी ३.२०

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मीटर खराब म्हणताना अमरनाथनं माझ्याकडे पाहिलं नाही. नववीत गृहपाठ केलेला नसला की असाच खाली बघायचा. आणि त्याच मीटरवर तो रोज लोकांच्या मोटारी तपासतो.

रोधांची पुडी ज्या कागदात होती, त्याच्या पाठीवर पुस्तकाच्या रीतीनं करून बघितलं. उलटं करून बेरीज, मग परत उलटं. जीप हलत होती, अक्षर किळसवाणं आलं.

एकशे तीन.

योगायोग.

४ फेब्रुवारी

दोन, तीन, सहा. पुस्तकानं एक. शाळेत कुणी नसताना मीटरवर. एक.

एक, एक, एक. एक तृतीयांश. इथं मी बरोबर आहे.

एक, एक, एक सोडून दुसरं काहीही. नाही.

स्वतःचा इतका तिटकारा कधी आला नव्हता. अर्थात कालच्या ग्रीसचा वासही अजून जात नाहीये, त्यानं माणूस खचतो.

७ फेब्रुवारी

शांत डोक्यानं विचार केला. परीक्षा नऊ दिवसांवर. आता पोरांना सांगितलं की सूत्र चुकीचं आहे, तर त्यांचा आत्मविश्वास जाईल. आत्मविश्वास गेला की बाकीची एकोणपन्नास उत्तरंही चुकतील. मानसशास्त्रानुसार न सांगणंच पोरांच्या हिताचं. शिवाय समांतर जोडणीवर प्रश्न येईलच कशावरून? एवढा मोठा अभ्यासक्रम आहे. बेडूक आहे, अणू आहे.

निश्चय: परीक्षेनंतर सांगणं.

११ फेब्रुवारी

तरी सांगायचं ठरवून वर्गात गेलो. नऊ पोरं पुढं बसवली. घसा साफ केला. तेवढ्यात महादेवाच्या आरतीसारखं सगळ्यांनी एका सुरात म्हटलं: गुणाकार भागिले बेरीज! मीच शिकवलंय, तास सुरू होताना म्हणायचं. पहिल्या बाकावरची शिवप्रिया तर डोळे मिटून म्हणते.

मी म्हणालो, पारदर्शक पॅड आणा आणि दोन पेनं आणा.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.००

पालकांच्या ग्रुपवर लिहिलं: उद्या पुस्तकातली रीतही लक्षात ठेवावी. मग वाटलं, ‘ही’ म्हटल्यावर पोरं विचारतील, दोन्हींतली कुठली. खोडलं. लिहिलं: पुस्तकातलीच रीत वापरावी. खोडलं. लिहिलं: सर्वांना शुभेच्छा. पाठवलं.

तिकडून नऊ अंगठे आले.

भैरवी बॅग उघडून बघतेय. शिबिराला लागेल म्हणून टॉर्च घेतलाय. तिला सांगायला दोनदा खोलीत गेलो. दोनदा म्हणालो, टॉर्चमध्ये बॅटरी चांगली घाल, हल्लीच्या बॅटऱ्या भिकार असतात.

नंतर ग्रुपवर पुन्हा लिहावं म्हटलं, तर नेटवर्कही नव्हतं.

१६ फेब्रुवारी

उमरग्याचं केंद्र. जीपमध्ये नऊ पोरं आणि मी, एकाला गाडी लागली, ते माझ्या बुटावर.

पेपर सुटल्यावर शिवप्रियाच्या हातातून प्रश्नपत्रिका घेतली. सतरावा प्रश्न. चार, सहा आणि बारा ओहमचे रोध समांतर जोडल्यास परिणामी रोध किती? पर्याय अ, बावीस. पर्याय ब, १३.०९. पर्याय क, दोन. पर्याय ड, अर्धा.

दोनशे अठ्ठ्याऐंशी भागिले बावीस. १३.०९.

बावीस वर्षांत माझं सूत्र पहिल्यांदा कुठं तरी छापून आलं. पर्याय ब म्हणून. म्हणजे पेपर काढणाऱ्याला माहीत होतं की कुठं तरी कुणी तरी गाढव असं शिकवत असणार, आणि त्याच्या पोरांना पकडायला त्यानं हा पिंजरा लावला. माझ्या पोरांना.

पोरं म्हणाली, सोपा गेला सर. सतराव्याचं विचारायची हिंमत झाली नाही. भैरवी जीपमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. हलता येईना, आणि हलावंसंही वाटेना. पोरीचं शिबिर मी खाल्लं.

२० फेब्रुवारी

जेवण जात नाही. प्रमोदिनी म्हणाली, डॉक्टरला दाखवा. म्हणालो, दाखवण्यासारखं नाही. परीक्षा विभागाला अर्ज लिहायला बसलो: सतरावा प्रश्न रद्द करावा. ‘कारण’ या शब्दापुढं काही सुचेना. फाडला.

पुस्तिकेची चौदा पानं झाली होती. तीही फाडली. कागदसुद्धा फाटताना कुजकट आवाज करतो.

निश्चय काही नाही.

१० मार्च, सकाळी ११.४०

निकाल! तीन पोरं निवडली गेली. भैरवी आहे, शिवप्रिया आहे! आणि प्रत्येक पोराची उत्तरपत्रिका बघायला मिळाली. सतरावा प्रश्न नऊच्या नऊ जणांचा बरोबर. पर्याय क. दोन ओहम. नऊच्या नऊ!

मुख्याध्यापकांनी तेरखेड्याहून आणलेली फटाक्यांची माळ लावली. निम्मी फुसकी, धूर सगळा स्टाफरूममध्ये. मी खोकत खोकत सगळ्यांना सांगितलं की पायाच पक्का घातलेला असला की पोरं वेळेला बरोबर वळतात. शेवटी सूत्र म्हणजे काय? विचार करायला लावणं. मी त्यांना विचार करायला लावलं.

श्रावस्ती मॅडम म्हणाल्या, अभिनंदन सर. त्यांच्या बोलण्यात जराही टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं.

१० मार्च, दुपारी ४.००

मॅडमना विचारलं, तुम्ही गुपचूप शिकवलं का? खरं सांगा. म्हणाल्या, मी शिकवायला गेले होते सर, जानेवारीतच. पोरं म्हणाली, मॅडम, आम्हाला येतं.

१० मार्च, संध्याकाळी

भैरवीला समोर बसवलं. तिनं आधी पुन्हा नखं बघितली. मग आत जाऊन ती कळकट वही आणली.

पहिल्या पानावर अमरनाथचं अक्षर. मी ओळखतो, ‘र’ झोपलेला काढतो. लिहिलंय:

समांतर जोडणी. सरांच्या पेपरात गुणाकार भागिले बेरीज. बाहेरच्या पेपरात पुस्तकातली रीत. दोन्ही पाठ करणे. सरांना सांगू नये, लई मनाला लावून घेतात.

खाली पंधरा वर्षांची पंधरा नावं. दरवर्षी ज्याच्याकडे वही असते त्याचं. शेवटचं नाव भैरवी अनिरुद्ध उपाध्ये.

विचारलं, तू घरात होतीस, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगणार होते बाबा, पण तुम्ही भिंतीवर अक्षर मोठं करायला सांगितलं त्या दिवशी किती खूष होता.

प्रमोदिनी स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिलाही माहीत होतं. पंधरा वर्षं दर जूनमध्ये पोरं वही कुणाकडे द्यायची ते हिच्याशी बोलून ठरवतात म्हणे. लोहाऱ्यापासून उमरग्यापर्यंत एकट्या मलाच माहीत नव्हतं. स्वतःच्या घरात जेवताना इतका ओशाळा मी कधी झालो नव्हतो. ताटातली आमटी उगाच ढवळत बसलो.

११ मार्च, सकाळी ६.५०

शाळा उघडायच्या आधी गेलो. भिंतीपाशी. सूत्र, नाव, नवा रंग. खाली गुडघ्याएवढ्या उंचीवर, वाकल्याशिवाय दिसणार नाही असं, पेन्सिलीनं बारीक: फक्त सरांच्या पेपरासाठी.

जानेवारीत रंग मारून पुसलेलं हेच असणार. कुणी तरी परत लिहिलं. आठवीतल्या पोरांसाठी, पुढच्या वर्षाची सोय. बारा वर्षं रोज इथल्या नळावर हात धुतोय.

महांतप्पाला फोन केला.

१२ मार्च

महांतप्पा चष्मा घेऊन आला. पुस्तकातलं सूत्र त्याच्या हातात दिलं. म्हणाला, सर, हे लांब हाय, नाव बसायचं न्हाय खाली. म्हटलं, नाव नको. खालचं बारीक वाचून बघितलं त्यानं. मग हळूच त्यावरूनही ब्रश फिरवला. भला माणूस. मला रागावायलाही कुणी उरलं नाही.

वर्गात जाऊन सांगायचं होतं. सांगितलं. म्हणजे असं सांगितलं की शासनाच्या नव्या धोरणानुसार यापुढं पुस्तकातलीच रीत वापरायची आहे. चूक हा शब्द आला नाही. ओघात राहून गेला. नव्या रीतीची सात उदाहरणं फळ्यावर सोडवून दिली. पोरांनी उतरवून घेतली. सगळे एकमेकांकडे बघत होते. समजलं असावं.

मोकळं वाटलं. चहा घेतला. साय काढून.

१८ मार्च

घटक चाचणी घेतली. मुद्दाम समांतर जोडणी घातली, पाच गुणांना: दहा, पंधरा आणि तीस ओहम. उत्तर पाच ओहम. आता बघा म्हणावं श्रावस्ती मॅडमना.

२० मार्च

पेपर तपासले. अडतीस.

सदतीस जणांनी लिहिलंय: चार हजार पाचशे भागिले पंचावन्न, ८१.८ ओहम. गुणाकार भागिले बेरीज. स्वच्छ अक्षरात, उत्तराला चौकट.

एकानं पंचावन्न लिहिलंय. त्यानं नुसती बेरीज केली. तो एकटा प्रामाणिकपणे चुकला.

भैरवीचा पेपर शेवटचा काढला. ८१.८. लाल पेन घेऊन तिच्यासमोर गेलो. म्हटलं, अगं, नवी रीत सांगितली होती ना मी, सात उदाहरणं दिली होती. ती म्हणाली, पण पेपर तुमचा होता ना, बाबा.

तिनं सांगितलं की सगळ्यांना वाटलं, वही सापडल्यामुळं मी परीक्षा बघतोय. कोण माझ्या बाजूनं आहे त्याची. म्हणून सगळ्यांनी ठरवून, कुणीही फुटायचं नाही असं करून, चुकीचं लिहिलं. पाच गुण गेले तरी चालतील, म्हणाली.

गुण दिले नाहीत, काढलेही नाहीत. गठ्ठा तसाच बांधून ठेवला.

निश्चय: उद्या पहिल्या तासाला. ओघात नाही. तोच शब्द वापरून.

२१ मार्च

पाचला उठलो. पहिल्यांदाच. अंगणात मच्छर होते, डोळे चुरचुरत होते, उठण्यात काही अर्थ नाही हे कळलं.

पहिला तास. खडू खाली ठेवला. म्हणालो, गुणाकार भागिले बेरीज हे फक्त दोन रोधांना चालतं. तिनाला मी शिकवलं ते चूक होतं. शासनाचा यात संबंध नाही. चूक माझी. बावीस वर्षं चुकीचं शिकवलं, आणि तुम्ही लोकांनी ते झाकून घेतलं. यापुढं समांतर जोडणीला एकच रीत, पुस्तकातली.

नळाचं पाणी गळत होतं तेवढंच ऐकू येत होतं. भैरवी पहिल्यांदा नखांकडे न बघता माझ्याकडे बघत होती. बरं वाटत होतं. खरंच बरं वाटत होतं.

मग मागच्या बाकावरून एक हात वर झाला. तोच, पंचावन्नवाला. विचारलं, काय रे? उभा राहून अगदी अदबीनं म्हणाला, सर, हे तुमच्या पेपरात लिहायचं का बाहेरच्या?